दोन रिकामे स्लॉट

हा संगणक पुढील आवृत्तीसाठी पात्र नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एवढंच लिहिलं होतं, आणि खाली एक निळं बटण, त्यावर ‘समजलं’. दुसरं बटण नव्हतं. न समजण्याची सोय कंपनीनं ठेवली नव्हती. लीलाधर महाजन चहाचा कप हातात धरून उभ्या उभ्या ते वाक्य वाचत राहिला. या खोलीत कप कुठंही टेकवायचा नाही हा नियम त्यानंच केला होता, कॉम्प्युटर घरात आला त्या दिवशी; तेव्हापासून इथं चहा हा उभ्यानं घ्यायचा पदार्थ होता. अपात्र. हा शब्द त्यानं स्वतः शाळेत लाल शाईनं कितीतरी फॉर्मांवर लिहिला होता, कारण गणिताच्या शिक्षकाला परीक्षेची कारकुनीही करावी लागते. पण तो लिहिताना समोर कुणाचा तरी बाप उभा असायचा, आधी हात जोडायचा, मग आवाज चढवायचा, मग नगरसेवकाचं नाव काढायचा. अपात्र ठरवणाऱ्याला निदान एक तोंड असायचं आणि त्या तोंडाला शिव्या देता यायच्या. इथं कुणाला द्यायच्या? त्यानं बटण दाबलं नाही. न दाबल्यामुळे आपण काहीतरी रोखून धरलंय असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं किती बावळटपणाचं आहे हे लगेच कळून राग आणखी वाढला. कानांच्या पाळ्या तापल्या. पाठीवर एसीचा गारवा होता. मे महिन्यातल्या बऱ्हाणपुरात त्याच्या घरातली ही एकच खोली अशी होती, की जिथं चिडायला माणसाला स्वतःची उष्णता वापरावी लागे.

“अहो,” दारातून ज्योत्स्ना म्हणाली. त्याची बायको या खोलीत सहसा आत येत नसे. दारात उभी राहून बोले, बँकेच्या खिडकीशी बोलतात तसं. “चार वाजता मायला सुट्टी देतायत दवाखान्यातून. धर्मेंद्र गाडी घेऊन येतोय. ती गाडी कुठं न्यायची, तेवढं सांगा.”

“हे बघ काय आलंय.”

“मी गाडीचं विचारतेय.”

“आठ वर्षं पुरी नाही झाली याला.”

“अन् माझ्या मायला ऐंशी पुरी झाली. तिचं बघा आधी.”

माय म्हणजे मथुराबाई, त्याची सासू. ती तुकईथडला मुलाकडे, धर्मेंद्रकडे राहायची, आणि गेल्या महिन्यात अंगणात पाण्याच्या मोटारीच्या पाइपाला अडखळून पडली. खुब्याचा गोळा मोडला. इथं आणून ऑपरेशन केलं, नवा गोळा बसवला, आणि डॉक्टरांनी बजावलं की उन्हाळाभर उन्हातापात ठेवू नका, उकिडवं बसवू नका, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी रात्रंदिवस चालू ठेवा. धर्मेंद्रच्या घरावर पत्रे, आणि संडास अंगणाच्या पार टोकाला, केळीच्या बांधाला लागून. म्हणजे प्रश्न असा उरलाच नव्हता. उत्तर या खोलीत होतं, आणि खोलीत कॉम्प्युटर होता. ज्योत्स्नानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा लीलाधर “बघू” म्हणाला. मग “बैठकीत खाट टाकू” म्हणाला. “बैठकीत? आल्यागेल्यासमोर भांडं देऊ तिला?” यावर तो पुन्हा “बघू” म्हणाला. सासूबद्दल त्याच्या मनात काही नव्हतं, चांगली होती म्हातारी. पण खाट आली की औषधं येणार, तांबे येणार, ओले पंचे येणार, भेटायला गावाकडची माणसं येणार आणि या टेबलावर कोपरं टेकून बसणार. आणि एकदा आलेली खाट निघणार कधी? हा प्रश्न मनात आला तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि उत्तर चुकतंय असं दिसलं की पोरं अख्खं उदाहरणच खोडतात तसा त्यानं तो प्रश्न खोडून टाकला होता.

“आधी हे निलेशला दाखवून येतो,” तो वाकून वायरी काढायला लागला. “तासाभराचं काम आहे. मग जाऊ दवाखान्यात.”

“जा. त्याचीही सुट्टी करून आणा.”

तिनं आवाज चढवला नव्हता. ती आत गेली, आणि डबे आपटण्याचा आवाजही आला नाही. हे त्याला जास्त झोंबलं.

ऑटोत कॉम्प्युटरचं कॅबिनेट मांडीवर घेऊन बसावं लागलं. सीटवर ठेवलं असतं तर खड्ड्यात आपटलं असतं. काळा पत्रा, एका बाजूला काच, काचेवर कंपनीनं लावलेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा अजून तसाच, एका कोपऱ्यात फक्त थोडा सुटलेला. तो काढायचा नाही, काच नवी राहते. कोपरे मांडीत रुतत होते. ऊन असं होतं की ऑटोचा रेक्झिनचा पडदासुद्धा हात लावू देत नव्हता. लालबागमधल्या कॉलनीतून बाहेर पडताना त्याची नजर सवयीनं वर गेली. प्रत्येक घराच्या गच्चीवर खांबांतून वर आलेल्या सळया होत्या, गंजून तांबड्या झालेल्या, आणि सळयांच्या टोकांवर पालथ्या घातलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. पुढेमागे वरचा मजला चढवायचा तर सळया सोडून ठेवायच्या असतात. त्याच्या स्वतःच्या गच्चीवरही होत्या. वरचा मजला गौरवसाठी होता, लग्न झाल्यावर. कॉलनीतल्या एकाही घराला वरचा मजला नव्हता आणि एकही घर फक्त तळमजल्याचं म्हणून बांधलेलं नव्हतं. सगळी लालबागची माणसं येणाऱ्या मजल्याच्या खाली, तात्पुरती, वीस-वीस वर्षं राहत होती. ज्योत्स्ना त्या सळयांना दोरी बांधून कपडे वाळत घाली आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यांवर गंजाचे डाग पडत. शाळेत सगळ्याच मास्तरांच्या सदऱ्यांवर असत. कुणी कुणाला विचारत नसे.

फ्यूचर प्रूफ. तो शब्द निलेशचा. “सर, ऐसा असेंबल करके देतो की पुढं बघायलाच नको. एकदम फ्यूचर प्रूफ.” लीलाधरनं त्या रात्री त्याचं मराठी करून बघितलं होतं. भविष्यरोधक. ते मेडिकलच्या दुकानात हळू आवाजात मागायच्या वस्तूसारखं वाटलं म्हणून सोडून दिलं, पण कल्पना सोडली नाही. तयार डबा घेतात ते अडाणी. आपण एकेक भाग निवडून जोडायचा. सबंध उन्हाळा त्यानं वाचण्यात घातला. दोनदा इंदोरला जाऊन आला. तत्त्व साधं होतं: आज जेवढं लागतं त्याच्या दुप्पट घ्यायचं, म्हणजे उद्या आला की तो बाहेर उभा राहणार नाही, त्याला आत जागा असेल. बोर्डावर रॅमच्या पट्ट्या बसवायला चार स्लॉट, दोनच भरायचे, दोन रिकामे ठेवायचे. वीजपुरवठ्याचा डबा एवढा मोठा की त्यावर पिठाची गिरणी चालावी. ग्राफिक्सच्या कार्डासाठी मोकळी जागा. कार्ड गौरव मोठा झाला की टाकू. पंखे चार. बॅटरीवाला थोरला यूपीएस, ज्यावर घरातला दुसरा कुठलाही प्लग लावायला बंदी. आणि लॉकडाउनमध्ये, मशीन तापतं म्हणून, एसी. गौरव तेव्हा घरीच होता, कॉलेजमधून मिळालेल्या इंटर्नशिपचं काम करत होता. बैठकीत, जेवणाच्या टेबलाशी, मांडीवर कंपनीचा लॅपटॉप घेऊन, घामानं निथळत. “त्या खोलीत बस ना,” लीलाधर म्हणाला होता. “नको पप्पा, तिथं काही धक्का लागला तर तुम्ही ओरडता.” हे गौरव सहज बोलला होता, दोन मेलच्या मधे. तेव्हा लीलाधरला राग आला नव्हता. तो आत्ता आला, लालबाग रोडवर, ऑटोत, इतक्या वर्षांनी. तेव्हा रागालाही बहुधा जागा राखून ठेवली होती.

निलेशचं दुकान शनवारा दरवाजापासून आत, एका बोळात. निलेश त्याचाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा, आता पोट सुटलेला, खुर्चीतून उठायच्या आधी खुर्ची मागे सरकवावी लागायची. “आओ सर, आओ! अरे, हा तर आपलाच माल. गोटू, सरांना पाणी दे.” त्यानं काचेवरचा पापुद्रा बघितला आणि भुवया वर केल्या. “सर, हे अजून काढलं नाही?”

“ते राहू दे. पुढची आवृत्ती का चालत नाही, ते सांग.”

निलेशनं वायरी जोडल्या, पडद्याकडे बघितलं, आणि लीलाधरनं मघापासून न दाबलेलं निळं बटण बोलता बोलता दाबून टाकलं. “नाही होणार सर. प्रोसेसरच नाही चालत कंपनीला.”

“प्रोसेसर बदल मग. बोर्ड मी त्यासाठीच भारी घेतला होता.”

“बोर्ड तर एक नंबर आहे. पण याच्यानंतर जो प्रोसेसर निघाला ना, तो याच्यात बसतो, पण चालत नाही.”

“बसतो म्हणजे?”

“बसतो! मस्त बसतो, क्लिक पण होतो. दिसायला सेम टू सेम. फक्त चालत नाही. कंपनीनं दुसऱ्याच वर्षी बदल केला.”

“दुसऱ्याच वर्षी,” लीलाधर म्हणाला. “आणि हे मला आज कळतंय.”

“सर, तुम्ही आलेच नाही ना कधी. तुमचं कधी बिघडलंच नाही.”

तो हे कौतुकानं बोलत होता आणि तेच असह्य होतं. खरंच कधी बिघडलं नव्हतं. बिघडायला ते वापरावं लागलं असतं. लीलाधर त्यावर प्रश्नपत्रिका टाइप करी, वीजबिल भरी, आणि रविवारी पंख्यांची धूळ ब्रशनं काढी. “आणि हे दोन स्लॉट? रिकामे ठेवलेत ते कशासाठी मग? रॅम वाढव.”

“वाढवतो ना. तुम्ही म्हणाल तर आत्ता टाकतो. पण उपयोग काय सर? स्लॉट रिकामा आहे म्हणून बोर्ड नवा थोडी होतो?” मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो हसला. “सर, फ्यूचर प्रूफ म्हटलं तर आपल्या बऱ्हाणपुरात एकच चीज. कुंडी भंडारा. मोगलों का बनाया, चारशे साल से जमीन के नीचे से पानी दे रहा है.”

“तो तू असेंबल केला नव्हतास म्हणून.”

निलेश आणखीच हसला. त्याला वाटलं सर गंमत करतायत. शाळेतही त्याला नेहमी असंच वाटायचं आणि म्हणून तो छडी खाताना हसायचा आणि म्हणून त्याला आणखी एक बसायची. लीलाधरच्या खिशात मोबाइल थरथरायला लागला. ज्योत्स्ना असेल. त्यानं तो काढला आणि तिचा फोन वाजून बंद पडू दिला, मग गौरवला लावला, पुण्याला. हे मशीन गौरवसाठी होतं. बारावीनंतर तो ॲनिमेशन करेल, मग गेम बनवेल, मग आणखी काहीतरी, ज्याचं नाव तेव्हा निघालं नव्हतं पण ज्याला रॅम लागेल हे नक्की होतं.

“पप्पा, मीटिंगमध्ये आहे. बोला पटकन.”

“आपला कॉम्प्युटर अपात्र झाला.”

“काय झाला?” मग त्याच्या लक्षात आलं. “अच्छा ते. होणारच होतं. देऊन टाका ना कुणाला तरी.”

“तुझ्यासाठी घेतला होता तो.”

“मी कुठं मागितला होता पप्पा? मी गिअरची सायकल मागितली होती. तुम्ही म्हणाला होता दोन वर्षांत लहान पडेल.” तो चिडला नव्हता, हवामान सांगावं तसं सांगत होता. “आजीला आज आणतायत ना? तिला त्या खोलीत ठेवा, एसी आहे.”

“ती तुझी खोली आहे.”

“माझी? मी तिथं एकदा तरी झोपलोय का? ठेवतो मी फोन. मम्मी किती वेळची फोन करतेय मला, तुम्ही उचलत नाही म्हणून.”

लीलाधरनं फोन खाली घेतला. सायकल. निळी होती, सिंधीबस्तीतल्या दुकानाच्या काचेमागे, गौरव शाळेतून येताना रोज बघून यायचा आणि रात्री जेवताना तिच्या गिअरांची माहिती सांगायचा, तोंडात घास असताना. दोन वर्षांत लहान पडेल. हिशेब अगदी बरोबर होता. पोराची उंची दोन वर्षांत खरंच एवढी वाढली. पण ती दोन वर्षं सायकलवरून गेली असती, बोळाबोळांतून, राजघाटाच्या उतारावरून खाली तापीपर्यंत, आणि ती गेली कशावरून? पायी. ती दोन वर्षं आज नको होती म्हणून त्यानं काढून बाजूला ठेवली होती आणि त्यांच्या जागी पत्र्याचा डबा आणून ठेवला होता, ज्यात दोन जागा रिकाम्या होत्या. जागा अजून आहेत. जागा कुठं जातात? त्या तिथंच राहतात, गंज धरतात, त्यांच्यावर बाटल्या पालथ्या घालायच्या. जे त्यात बसणार असतं तेच निघून जातं, किंवा येतं तेव्हा बसतं, क्लिकसुद्धा होतं, आणि चालत नाही.

“तर मग सर, हा बघा,” निलेशनं एक खोकं पुढं सरकवलं. “लेटेस्ट बोर्ड. पाच-सात साल तो सोचनाच नहीं. एकदम फ्यूचर प्रूफ.”

तोच शब्द आणि तोच चेहरा. लबाडीची रेषसुद्धा नाही त्या चेहऱ्यावर, हे सगळ्यात भयंकर. लीलाधरनं काउंटरवर हात आपटला. “मूर्खा! लाज नाही वाटत? हाच शब्द, हाच! याच काउंटरवर!” काउंटरची काच थरारली. एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं आणि मग पुन्हा स्वतःच्या मोबाइलच्या कव्हरात रमलं. निलेश घाबरला नाही, रागावलाही नाही. त्यानं खोकं जरा मागं घेतलं, मिठाईवाला माशी आली की परात सरकवतो तसं. “सर, पाणी प्या,” तो म्हणाला. “कितने साल का चाहिए तुम्हाला, ते सांगा, त्या हिशेबानं बघू.”

किती वर्षांचं हवं. असाच प्रश्न त्यानं गेल्या महिनाभरात आणखी कुठंतरी ऐकला होता आणि कुठं ते आठवताच त्याच्या तळहाताची आग थांबली. दवाखान्यात. डॉक्टरांनी टेबलावर दोन गोळे ठेवले होते, नमुन्याचे, चकचकीत, एकाला साधा म्हणाले आणि दुसऱ्याला, हा वीस वर्षं बघायला नको. ऐंशीच्या वर झालेल्या बाईला दोन्ही चालतात, तुम्ही सांगा. धर्मेंद्र गप्प, ज्योत्स्ना रडवेली, आणि लीलाधर पुढं झाला होता, गणिताचा माणूस, घरातला शिकलेला जावई, आणि ठाम आवाजात म्हणाला होता, “टिकणारा टाका.” तेव्हा किती बरं वाटलं होतं! वीस वर्षांचा गोळा. आणि तो गोळा ठेवायला एक खोली, या उन्हाळ्यापुरती, बघू. म्हातारीच्या आत त्यानं वीस वर्षांची सोय केली होती आणि बाहेर चार वाजेपर्यंतचीही केली नव्हती. त्यानं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चार केव्हाच होऊन गेले होते. मोबाइल पुन्हा थरथरला. धर्मेंद्र.

“दाजी, कुठी आहे तुम्ही? किती रिंगा मारल्या!” मागं गाडीचा घरघराट होता. “निघालो आम्ही दवाखान्यातून. माय म्हणते तुकईथडलेच चाल. म्हणे जावयाच्या मशीनले उगा तरास नको.”

“असं म्हणाली?”

“ते तर हसून म्हणाली. ताई नाही हसली. ताई पण येऊ राहिली सोबत, घरी थांबलो आहे तिचे कपडे घ्यायले.”

“ज्योत्स्ना? किती दिवसांसाठी?”

“ते बा तुम्हीच विचारा तिले. मोठी बॅग काढली तिनं.”

येताना ऑटोवाल्याला तो दोनदा ओरडला आणि ऑटोवाल्यानं आरशातून बघत मुद्दाम गाडी हळू केली. कॅबिनेटचे कोपरे मांड्यांच्या त्याच जागी रुतत होते. त्याला सगळ्यांचा राग येत होता, ऑटोवाल्याचा, धर्मेंद्रचा, हसून बोलणाऱ्या म्हातारीचा, न हसणाऱ्या बायकोचा, पण तो राग आता भित्र्या माणसाच्या कुत्र्यासारखा होता, भुंकत होता आणि मागं मागं सरकत होता. मोठी बॅग. ती बॅग त्यानंच घेतली होती, पुढंमागं विमानानं जावं लागलं तर असू दे म्हणून, चाकांची. ती कपाटावरून कधी उतरली नव्हती. ज्योत्स्नानं आज ती उतरवली. या घरात पुढचं म्हणून ठेवलेलं पहिल्यांदा काही वापरलं जात होतं, आणि ते त्याला सोडून जाण्यासाठी.

गाडी फाटकासमोर उभी होती, मागचं दार उघडं. आत आडव्या फळीवर मथुराबाई, डोक्यावर ओला पंचा, एक पाय उशांमध्ये सरळ बांधलेला. ओट्यावर बॅग. ज्योत्स्ना हवेच्या गादीची गुंडाळी बगलेत धरून पायऱ्या उतरत होती. लीलाधर कॅबिनेट घेऊन तिच्या वाटेत उभा राहिला.

“बाजूला व्हा.”

“खोली रिकामी करतो.”

“कधी? बघू म्हणालात त्यात बसतं का ते?”

“आत्ता करतो. टेबल बाहेर काढतो. एसी लावतो, खोली गार होईल तोवर...”

आतून फ्रिजचा गुरगुराट बंद झाला. शेजारच्या घरातला कूलर थांबला, मग त्याच्या पलीकडचा, मग सगळी कॉलनी एकदम गप्प झाली. लाइट गेली. धर्मेंद्रला हसू आवरलं नाही. “घ्या दाजी. लावा एसी.”

ज्योत्स्ना हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. उन्हात उभ्या उभ्या तिच्या कपाळावरून घामाची धार भुवईत जात होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. “खकनार गावापर्यंत पोचू तोवर तरी उन्हं कलतील,” ती धर्मेंद्रला म्हणाली. “चल.”

“यूपीएस आहे,” लीलाधर म्हणाला. “यूपीएसवर काही नाहीये आता. मशीन माझ्या हातात आहे. गादीचा पंप चालेल. पंखा चालेल, टेबलफॅन. अगं, मोठी बॅटरी आहे ती, गेल्या वर्षीच नवी टाकलीय, बघ तरी!” हे सगळं तो ओरडून बोलत होता, भांडल्यासारखा, जणू कुणी नाही म्हणत होतं. फाटकापाशी शेजारच्या मालूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“ज्योत्स्ना,” गाडीतून मथुराबाईचा आवाज आला, “काय करू राहिले व तुम्ही? मले उतरवायचं तर उतरवा, न्यायचं तर न्या. डॉक्टर म्हणे वीस वर्षं काही होत नाही या गोळ्याले. म्या म्हटलं, बापा, गोळ्याले नाही होत, मले होते ना! इथी मी एका घंट्यात भाजून निघाली.”

लीलाधर गाडीच्या दाराशी गेला. कॅबिनेट अजून त्याच्या हातांत होतं, छातीशी धरलेलं. मथुराबाईनं पंचा वर करून त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे.

“जावईबापू, ते आधी खाली ठेवा. दोन्ही हात लागतीन मले उचलाले.”

त्यानं ते खाली ठेवलं, फाटकाबाहेर, धुळीत. चादरीची दोन टोकं त्यानं धरली, दोन धर्मेंद्रनं, आणि ज्योत्स्नानं गादी फेकून पायाची उशी सावरली. म्हातारी हलकी होती. एवढी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. सगळं वजन त्या एका गोळ्याचंच असावं असं वाटलं. टेबल त्यानं एकट्यानं ओढून बाहेर काढलं, फरशीवर चरा पडला. बैठकीतली खाट आली, तिच्यावर गादी आली. “वरच्या सॉकेटात नको,” तो ज्योत्स्नावर खेकसला, “तिथं बॅकअप नाही, खालच्यात लाव.” तिनं खालच्यात लावला. पंप धडधडला आणि गादीच्या नळ्या एकीआड एक फुगायला लागल्या. मथुराबाई हळूहळू वर आली, आणि टेबलफॅनच्या वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे पांढरे केस उडायला लागले. तिनं डोळे मिटून घेतले.

धर्मेंद्र गाडी घेऊन गेला. बॅग अजून ओट्यावर होती. ती आत कुणी आणली नव्हती. कॅबिनेट मात्र ज्योत्स्नानं आत आणलं. ओल्या फडक्यानं धूळ पुसली, औषधं आणि पाण्याचा पेला ठेवायला काहीतरी हवं म्हणून खाटेच्या उशाशी उभं केलं, आणि पुसता पुसता तिच्या नखात तो सुटलेला कोपरा आला तसा काचेवरचा पापुद्रा एका झटक्यात ओढून काढला. चर्र आवाज झाला. आतला बोर्ड लख्ख दिसायला लागला, रॅमच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या शेजारी दोन रिकाम्या फटी. लीलाधरच्या मांड्यांवर वळ उठले होते. मग चहा आला. तो सवयीनं उभाच राहिला, कप हातात, भिंतीला टेकून. यूपीएस थोड्या थोड्या वेळानं पीं करत होता.

“हे किती वेळ पुरेल?” ज्योत्स्नानं विचारलं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

पंपाचे वॅट, पंख्याचे वॅट, बॅटरीची ताकद; उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं, मिनिटांसकट.

“आत्ता चालतंय ना!” तो चिडून म्हणाला, आणि कप कॅबिनेटवर ठेवून खाली बसला.